आरोग्य विम्यातील नांग्या



लागण होऊन महिना झाला की आम्ही सरीने चालत नांग्या मोजतो. बांधावरून फड हिरवागार दिसतो, आत शिरले म्हणजे कुठे दोन फूट, कुठे चार फूट जागा मोकळी सापडते. आरोग्य विम्याचेही असेच आहे. नांगी कुठे आहे ते घरात आजारपण आल्यावरच कळते.

पहिली नांगी आपल्याच धंद्यात राहिली. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, पण त्यातून हंगामी कारखाने वगळले गेले, आणि हंगामी म्हणजे कोणते हे सांगताना साखर व गूळ यांची नावेच घातली. कारखान्यातल्या कामगाराची ही गत, तर उसाच्या मालकाला आणि तोडणाऱ्याला कोण विचारतो!

राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ पासून तिलाच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. पिवळ्या व केशरी कार्डावर कुटुंबाला दीड लाखापर्यंत उपचार मोफत मिळू लागले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, ती पाच लाखांची; पण तिची यादी २०११ च्या पाहणीवरून केलेली. पांढरे कार्डवाला मात्र दोन्हीकडून बाहेर. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत अशा शेतकऱ्यांना सवलत होती, आपल्याकडे नव्हती. सातबाऱ्यावर बागायत दिसते. दोन एकर उसाच्या बिलातून सोसायटी वजा जाता हाती काय उरते ते आम्ही रोज पाहतो. नीती आयोगाने २०२१ साली अशा मधल्या लोकांचा हिशेब मांडला तेव्हा देशात किमान ३० टक्के, म्हणजे सुमारे ४० कोटी माणसे कोणत्याही छत्राविना निघाली.

ही नांगी राज्याने भरली. जुलै २०२३ मध्ये निर्णय झाला व १ जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी, पांढरे असे कोणतेही रेशनकार्ड चालू लागले आणि मर्यादा पाच लाख झाली. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांचे संरक्षण दिले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आयुष्मान कार्ड वेगळे काढावे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नाही.

आता उरली आहे ती कागदाची नांगी. मागच्या हंगामात एक सभासद उसाच्या बिलावर उचल मागायला गट ऑफिसात आले. सुनेचे ऑपरेशन होते. आम्ही विचारले, "दादा, रेशनकार्डावर करून घेतलं नाही का?" म्हणाले, "साहेब, तिचं नाव माहेरच्या कार्डावरनं कमीच केलं नाही, मग आमच्यात चढणार कसं?" लग्नाला सहा वर्षे झाली होती. शेवटी लाखावर रक्कम सावकाराकडून उचलली. त्या घरी आम्ही खताच्या मात्रा सांगायला वर्षात पाचदा गेलो असू. ही गोष्ट एकदाही विचारली नाही, ही आमचीही चूक.

तोडणीवाल्यांचे याहून अवघड. टोळी इथे आणि कार्ड गावी म्हाताऱ्यांपाशी. राज्यात कुठेही योजनेतील रुग्णालयात कार्ड चालते, पण ते जवळ असले तर ना! फडात कोयता लागला की मुकादमाला एवढे विचारून ठेवावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या आहेत, त्याही यादीतील उपचारांपुरत्या. रोजची बीपीची किंवा साखरेची गोळी (साखर कारखान्याच्या पत्रिकेत हा शब्द लिहिणे जिवावर येते, पण इलाज नाही) त्यात येत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व औषध मोफत आहे, ते घ्यावे.

शेजारच्या कर्नाटकाने ही गोष्ट सहकारातून करून पाहिली. तिथे २००३ साली यशस्विनी योजना चालू झाली, ती सहकारी संस्थांच्या सभासदांसाठीच. सुरुवातीला माणशी वर्षाला ६० रुपये, म्हणजे महिना पाच रुपये, आणि ते गोळा करायचे गावच्या सोसायटीने. पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख लोक आले. मध्यंतरी ती सरकारी योजनेत विलीन होऊन बंद पडली. २०२२ साली सरकारने पुन्हा सुरू केली, कारण सभासदांना ती हवी होती. आपल्याला वेगळा विमा काढायची गरज आज नाही असे आमचे मत आहे. पण घरोघर जाऊन नावे तपासण्याचे काम सोसायटी करू शकते, तर आपली गट ऑफिसे का नाहीत? बिलासाठी आपण सभासदाचा गट नंबर गुंठ्यापर्यंत तपासतोच.

तरी लागण नोंदीला येताना सातबाऱ्याबरोबर रेशनकार्ड व घरातील सर्वांची आधारकार्डे आणावीत. सुना, नवी जन्मलेली मुले आणि सत्तरी ओलांडलेली माणसे यांची नावे ओव्हरसिअर पाहतील व राहिलेल्यांची यादी करून देतील. ती घेऊन तहसील कचेरीत जाण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच, आणि पट्टा पडण्याआधी, करायचे आहे.