८६, १५, ५ : ऑस्करच्या अंदाजांचं गणित आणि कावासाकीची चित्रपटशाळा

८६ देशांचे चित्रपट. त्यांतले १५ पुढच्या फेरीत. १५ पैकी ५ नामांकित, आणि शेवटी विजेता एकच. ९८व्या ऑस्करमध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागाची चाळणी अशी होती. १६ डिसेंबर २०२५ रोजी पंधरांची यादी जाहीर झाली, तेव्हा तीत जपानचा 'कोकुहो' होता आणि भारताचा, नीरज घायवान यांचा, 'होमबाउंड'ही होता. २२ जानेवारी २०२६ रोजी अंतिम पाच नावं आली, त्यांत हे दोन्ही नव्हते. 'कोकुहो'ला रंगभूषा-केशभूषा विभागात मात्र नामांकन मिळालं.

निव्वळ सरासरी काढली तर स्पर्धेच्या सुरुवातीला कुठल्याही चित्रपटाला नामांकनाची संधी ५.८ टक्के असते. पंधरांत आल्यावर ती ३३ टक्क्यांवर जाते. पण या हिशेबात एक चाळणी धरलेलीच नाही. ८६ च्या आधी प्रत्येक देशात एक निवड होते आणि त्या देशाच्या वर्षभराच्या सगळ्या चित्रपटांतून एकच पुढे जातो. 'पुढच्या वर्षी कोणते चित्रपट पुरस्कारांच्या शर्यतीत असतील' याच्या याद्या दरवर्षी वसंतातच निघू लागतात. इंग्रजीबाहेरच्या चित्रपटांबाबत त्या याद्या सर्वांत जास्त चुकतात त्या याच घरच्या उंबरठ्यावर. हे आकड्यांनी पाहायचं तर टोकियो आणि योकोहामा यांच्यामध्ये, तामा नदीच्या काठाने पसरलेल्या कावासाकी शहराइतकं चांगलं ठिकाण नाही.

१५ लाखांवर लोकवस्तीच्या या शहराची ओळख कारखान्यांची. पण त्याच्या वायव्य टोकाला, आसाओ प्रभागात, शिन-युरिगाओका नावाचं उपनगर आहे आणि तिथे जपानचं चित्रपट विद्यापीठ आहे. दिग्दर्शक शोहेइ इमामुरा यांनी १९७५ साली योकोहामात चित्रपट-प्रसारणाची एक व्यावसायिक शाळा काढली. १९८६ मध्ये ती शिन-युरिगाओकाला आली, २०११ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि समीक्षक तादाओ सातो तिचे पहिले अध्यक्ष झाले. 'कोकुहो'चे दिग्दर्शक ली सांग-इल या शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या पदवीच्या चित्रपटाला २००० साली पिया चित्रपट महोत्सवात ग्रां प्री मिळालं होतं.

'कोकुहो' ६ जून २०२५ ला जपानमध्ये लागला. काबुकी नटांच्या आयुष्यावरची जवळजवळ तीन तासांची कथा. पहिल्या आठवड्यात तो अव्वल नव्हता. पुढच्या आठवड्यांत गर्दी ओसरण्याऐवजी वाढत गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने १,७३५ कोटी येनचा टप्पा ओलांडला आणि ॲनिमेशन सोडून जपानी चित्रपटांच्या कमाईचा बावीस वर्षं टिकलेला उच्चांक मोडला. तो उच्चांक होता २००३ च्या 'ओदोरू दाइसोसासेन'च्या दुसऱ्या भागाचा, आणि त्याचे दिग्दर्शक कात्सुयुकी मोतोहिरो हेही याच शाळेतून शिकून गेलेले. म्हणजे जुना उच्चांक आणि नवा उच्चांक, दोन्ही इमामुरांच्या शाळेतल्या मुलांचे. छोट्या खासगी शाळेच्या दृष्टीने ही असामान्य गोष्ट आहे आणि ती पुरेशी सांगितली गेलेली नाही, असं मला वाटतं.

पण तिकीटबारी ऑस्करचा अंदाज बांधायला उपयोगी पडत नाही. 'ओदोरू दाइसोसासेन' ऑस्करच्या आसपासही कधी नव्हता. मग काय उपयोगी पडतं? आधी मुख्य पुरस्कार, म्हणजे 'सर्वोत्कृष्ट चित्रपट', पाहू.

२०१४ ते २०२४ या अकरा वर्षांतले विजेते घेतले आणि प्रत्येक चित्रपट पहिल्यांदा कुठे दाखवला गेला ते मांडलं. २०१४ ते २०१८ चे पाचही विजेते ऑगस्टअखेर ते सप्टेंबर या काळातल्या महोत्सवांतून आले: 'बर्डमॅन', 'स्पॉटलाइट' आणि 'द शेप ऑफ वॉटर' व्हेनिसहून, 'मूनलाइट' टेल्युराइडहून, 'ग्रीन बुक' टोरांटोहून. २०१९ पासून चित्र पालटलं. 'पॅरासाइट' मे महिन्यात कानमध्ये, 'कोडा' जानेवारीत सनडान्समध्ये, 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' मार्चमध्ये, 'ओपनहायमर' जुलैत थेट चित्रपटगृहांत, 'अनोरा' पुन्हा मे महिन्यात कानमध्ये. सहांपैकी पाच विजेते जुलैअखेरपर्यंत लोकांनी पाहिलेले होते. अपवाद फक्त 'नोमॅडलँड'चा. याचा अर्थ लवकर केलेला अंदाज आज पूर्वीपेक्षा जास्त मोलाचा आहे. अट एकच: तो पाहिलेल्या चित्रपटावर बांधलेला असावा, जाहिरात झालेल्या नावावर नव्हे.

नावांवर बांधलेल्या अंदाजाचं काय होतं, याचं उदाहरण २०२६ च्या चित्रपटांतच आहे. ख्रिस्तोफर नोलन यांच्या 'द ओडिसी'साठी १७ जुलैची तारीख जाहीर झाली, डेनी व्हिलनव्ह यांच्या 'ड्यून'च्या तिसऱ्या भागासाठी १८ डिसेंबरची. चित्रपट कुणी पाहण्याआधीच अशी नावं यादीत जातात, आणि त्याला आधार नाही असं नव्हे. नोलन यांच्या 'ओपनहायमर'ला १३ नामांकनं आणि ७ पुरस्कार मिळाले होते. 'ड्यून'च्या पहिल्या भागाला १० नामांकनं व ६ पुरस्कार, दुसऱ्याला ५ नामांकनं व २ पुरस्कार. पण 'ड्यून'चे आकडे नीट वाचा. दोन्ही भाग सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या दहा नामांकितांत होते, तरी दिग्दर्शनाचं नामांकन व्हिलनव्ह यांना दोन्ही वेळा मिळालं नाही. नाव, खर्च आणि तारीख यांवरून ध्वनी, दृश्य परिणाम, छायाचित्रण या विभागांचा अंदाज बरा बांधता येतो. त्यापलीकडे जायला चित्रपट पडद्यावर यावा लागतो.

टोरांटोचा प्रेक्षक पुरस्कार हा या सगळ्यांत विश्वासार्ह खुणांपैकी एक. २०१२ ते २०२३ या बारा वर्षांत तिथे जिंकलेला प्रत्येक चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकित झाला. बारापैकी बारा! त्यांतले तीन जिंकले. २०२४ मध्ये ही साखळी तुटली. 'द लाइफ ऑफ चक'ला टोरांटोच्या प्रेक्षकांनी निवडलं, पण तो अमेरिकेत प्रदर्शित झाला २०२५ मध्ये, आणि तोवर वारं ओसरलं होतं. २०२५ चा विजेता 'हॅम्नेट' पुन्हा दहांत आला. प्रेक्षकांच्या पसंतीला वितरकाची साथ लागते, हे त्या एका अपवादाने दाखवून दिलं.

आता जपान. आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा (पूर्वीच्या परभाषिक चित्रपटाचा) स्पर्धात्मक पुरस्कार १९५७ च्या सोहळ्यापासून आहे. त्याआधी जपानला तीन मानद पुरस्कार मिळाले होते, पहिला 'राशोमोन'ला. तिथून पुढचा इतिहास तीन तुकड्यांत पडतो. १९५७ ते १९८२ या २६ सोहळ्यांत १० नामांकनं. १९८३ ते २००३ या २१ सोहळ्यांत शून्य. २००४ ते २०२४ या २१ सोहळ्यांत ५ नामांकनं आणि २ पुरस्कार, 'ओकुरिबितो' व 'ड्राइव्ह माय कार'.

मधलं शून्य पाहून वाटेल की जपानी चित्रपटच त्या काळात खालावला. स्टुडिओ-व्यवस्था मोडकळीला आली होती, हे खरं. पण त्याच २१ वर्षांत कानने जपानला दोनदा सर्वोच्च पारितोषिक दिलं: १९८३ मध्ये 'नारायामा बुशिको'ला आणि १९९७ मध्ये 'उनागी'ला. दोन्ही इमामुरांचे. दोन्ही जपानने ऑस्करला पाठवलेच नाहीत. १९८३ साली पाठवला गेला अंटार्क्टिकात मागे राहिलेल्या कुत्र्यांवरचा लोकप्रिय 'नान्क्योकु मोनोगातारी', तर १९९७ साली मियाझाकींचा 'मोनोनोके हिमे'. मधल्या काळात, १९८५ मध्ये, कुरोसावांचा 'रान'ही गेला नाही. तरी 'रान'ला इतर विभागांत ४ नामांकनं मिळाली, दिग्दर्शनाचं धरून, आणि वेशभूषेचा पुरस्कार एमी वादा यांनी जिंकला. घरच्या समितीने वगळलेल्या चित्रपटाला परक्या मतदारांनी चार विभागांत उचलून धरलं, यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठला हवा?

कानचं सर्वोच्च पारितोषिक जपानी चित्रपटांना आजवर पाचदा मिळालेलं मी धरतो: 'जिगोकुमोन' (१९५४), 'कागेमुशा' (१९८०), इमामुरांचे दोन आणि 'शॉपलिफ्टर्स' (२०१८). 'जिगोकुमोन'ला मानद ऑस्कर मिळालं, वेशभूषेचंही. 'कागेमुशा' नामांकित झाला, 'शॉपलिफ्टर्स'ही. जे तीन ऑस्करपर्यंत पोचले, त्या तिघांची दखल घेतली गेली. उरलेले दोन कावासाकीच्या शाळेच्या संस्थापकाचे, आणि त्यांना ते दार उघडलंच गेलं नाही. पाच ही संख्या लहान आहे, तीवरून नियम सांगता येणार नाही. पण त्या २१ वर्षांच्या शून्यात दोन रकाने तरी निवडीच्या चुकीचे आहेत, एवढं मी ठामपणे म्हणेन.

'उनागी'चे नायक कोजी याकुशो २०२३ मध्ये कानला सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले, 'परफेक्ट डेज'साठी. दिग्दर्शक जर्मन, विम वेंडर्स. चित्रपट टोकियोतला, जपानी भाषेतला. तो जपानने पाठवला आणि नामांकन मिळवलं. निवड समितीची नजर बदलल्याची ही खूण. ली सांग-इल यांच्याबाबतीतही जपानने दोनदा विश्वास दाखवला: आधी 'हुला गर्ल्स' (२००६), मग 'कोकुहो'. पहिला नामांकनापर्यंत गेला नाही. दुसरा पंधरांत आला, आणि त्याच्यामागे मे २०२५ मधलं कानच्या 'डिरेक्टर्स फोर्टनाइट'चं प्रदर्शन होतं. तो कानच्या मुख्य स्पर्धेत नव्हता, हेही लक्षात ठेवावं. अंतिम पाचांत आलेले 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट', 'सेंटिमेंटल व्हॅल्यू', 'द सीक्रेट एजंट' आणि 'सिरात' हे चारही त्या वर्षी कानच्या मुख्य स्पर्धेतले होते. पाचवा, 'द व्हॉइस ऑफ हिंद रजब', व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेतला. मे आणि सप्टेंबरच्या दोन याद्यांत पाचही नावं आधीच छापलेली होती!

देश आणि चित्रपट यांची गाठ आता पूर्वीसारखी घट्ट राहिलेली नाही. जाफर पनाही यांचा 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट' फारसी भाषेतला, इराणमध्ये चित्रित झालेला, पण पाठवला फ्रान्सने. सहनिर्मिती असेल तर अंदाज बांधताना दोन-तीन देशांच्या समित्यांचा विचार करावा लागतो.

आपल्याकडे याचं ताजं आणि दुखरं उदाहरण आहे. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ मध्ये कानचं ग्रां प्री मिळालं. मुंबईत सुरू होऊन रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जाणारा हा चित्रपट, तीस वर्षांनी कानच्या मुख्य स्पर्धेत आलेला पहिला भारतीय चित्रपट. सहनिर्माता फ्रान्सने त्याचा विचार केला, पण पाठवला 'एमिलिया पेरेझ'. भारताने पाठवला 'लापता लेडीज', आणि तो पंधरांत आला नाही. दोन देशांच्या दारांतून हा चित्रपट परत फिरला.

मराठीचा हिशेबही मांडायलाच हवा. भारताने ऑस्करला पाठवलेले मराठी चित्रपट तीन: 'श्वास' (२००४), 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९), 'कोर्ट' (२०१५). नामांकनं शून्य. 'श्वास'च्या प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी निघाली होती. अमेरिकेत मतदारांपर्यंत पोचायला पैसा लागतो, हे तेव्हा घराघरांत कळलं. 'कोर्ट'च्या पाठीशी व्हेनिसच्या 'ओरिझोन्ती' विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार होता, तरी तो अडकला. ओरिझोन्ती हा व्हेनिसचा दुसरा विभाग. मुख्य स्पर्धेतल्या चित्रपटांकडे जे लक्ष जातं ते त्याच्याकडे जात नाही. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने सनडान्सच्या जागतिक कथापट स्पर्धेत ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलं. मराठीला इतकं मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक क्वचितच मिळालेलं आहे. मराठी दिग्दर्शक पहिली चाळणी पार करू शकतात, हे त्याने सिद्ध केलंय.

शिन-युरिगाओकात १९९५ पासून दरवर्षी नागरिकांनी चालवलेला चित्रपट महोत्सव भरतो. स्वयंसेवक चित्रपट निवडतात, शाळकरी मुलांना चित्रपट बनवायला शिकवलं जातं, दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णनासह खेळ होतात. ज्या गावात प्रेक्षक असा घडवला जातो, तिथल्या शाळेतून मोतोहिरो आणि ली निघतात, यात मला नवल वाटत नाही. पुण्यात आपली चित्रपट संस्था १९६० पासून आहे. तिच्या भोवतीच्या वस्त्यांतही असा महोत्सव उभा राहावा.

आणि ऑस्करसाठी भारताचा चित्रपट निवडणाऱ्या चित्रपट महासंघाकडे मागणी एकच आहे. दरवर्षी भारताची निवड जाहीर करताना अंतिम फेरीतले चित्रपट, प्रत्येकाला पडलेली मतं आणि निवडीची कारणं लेखी प्रसिद्ध करावीत. इमामुरांचे दोन चित्रपट का थांबवले गेले, हे आता कुणाला विचारायची सोय नाही. पुढच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'बाबत मात्र ते विचारता आलं पाहिजे.