पूर हा ऐनवेळचा विषय नाही

डिसेंबर २०२५मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि राज्यातल्या इतर गावांबरोबर चिपळूणलाही पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक मिळाले. या सभागृहाचा हा पहिला पावसाळा. वाशिष्ठी नदीतला गाळ किती निघाला, किती उरला याची चर्चा नेहमीप्रमाणे होईल, बोटी आणि भोंगे तपासले जातील. ते व्हायलाच हवं. पण २०२१च्या पुरानंतर चिपळूणला सर्वांत जास्त काय नडलं, असं विचारलं तर माझं उत्तर गाळ हे नाही. नडलं ते सभागृहाचं नसणं.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. २२ जुलै २०२१ला पहाटेच शहरात पाणी शिरलं आणि २६ जुलै २००५च्या पुराची पातळी ओलांडून गेलं. बाजारपेठेतले तळमजले बुडाले, बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला, कोकण रेल्वे थांबली. त्याच पावसात महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. सह्याद्रीच्या माथ्यावर काय कोसळत होतं, हे त्या आकड्यावरून कळावं. ३ ऑगस्टला राज्य सरकारनं पूरग्रस्त जिल्ह्यांसाठी ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. डिसेंबरात चिपळूण बचाव समिती गाळ काढण्याच्या मागणीसाठी साखळी उपोषणाला बसली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस २०१६ला निवडून आलेल्या नगरपरिषदेची मुदत संपली.

पुढे ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात राहिला. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ला आदेश दिला तेव्हा कुठे निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे ज्या चार वर्षांत शहरानं आपण पुढे कुठे आणि कसं राहायचं हे ठरवायला हवं होतं, नेमक्या त्याच चार वर्षांत ठरवणारं कुणी निवडून आलेलं नव्हतं.

प्रशासकांनी काम केलं नाही, असा आरोप मला करायचा नाही. पुराच्या चिखलातून शहर बाहेर काढणाऱ्या सफाई कामगारांचे आणि अधिकाऱ्यांचे उपकार चिपळूण विसरणार नाही. कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती, अशा वेळी ती माणसं चिखलात उतरली होती. पण प्रशासकाच्या राजवटीत ठराव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असतो. सूचक नाही, अनुमोदक नाही, उठून ‘आमच्या प्रभागात पाणी आधी गटारातून वर आलं, नदीतून नाही’ असं सांगणारं कुणी नाही. इतिवृत्तात निर्णय राहतो, पण त्यामागचा वाद राहत नाही. अधिकाऱ्याची बदली झाली की आठवणही त्याच्याबरोबर जाते.

आता पैशाचं बघू. पुरानंतरची मदत नगरपरिषद वाटत नाही. पंचनामे महसूल खातं करतं, यादी तहसील कार्यालयात होते. २०२१ला घरटी दहा हजारांचं सानुग्रह अनुदान, टपरीधारकाला दहा हजारांपर्यंत आणि दुकानदाराला जास्तीत जास्त पन्नास हजार अशी मदत ठरली. ज्याचं अख्खं दुकान मालासकट गेलं त्याला पन्नास हजारांत काय उभं करता येतं, हे बाजारपेठेत कुणालाही विचारा. नदी जलसंपदा खात्याची. कोळकेवाडीचं धरण कोयना प्रकल्पाचं. कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी वर्षाला पश्चिमेकडे वळवून वीज करायची आणि मग ते वाशिष्ठीत सोडायचं, ही व्यवस्था चिपळूणला विचारून ठरलेली नाही. महामार्ग केंद्राचा. नगरपरिषदेच्या तिजोरीत घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. जकात १९९९लाच गेली, तिच्या बदल्यात मिळणारं सहायक अनुदान बहुतेक पगारात संपतं. पंधराव्या वित्त आयोगानं लहान शहरांना दिलेल्या पैशातला साठ टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. अशा नगरपरिषदेनं नदीला संरक्षक भिंत बांधावी, अशी अपेक्षा कुणी करू नये.

मग तिच्या हातात उरतं काय? उरतं ते माझ्या मते सर्वांत मोलाचं आहे. बांधकाम परवानगी, भराव, नाले आणि कचरा या चार गोष्टींवर शहरातलं पाणी कुठे थांबेल हे ठरतं.

चिपळूण वाटीत वसलं आहे. एका बाजूला सह्याद्रीतून धावत येणारी वाशिष्ठी, दुसरीकडे शहराच्या पोटातून वाहणारी शिवनदी, आणि खाली गोवळकोटपासून दाभोळपर्यंतची खाडी, जिच्यातून भरती वर चढते. वाशिष्ठी फुगली आणि त्याच वेळी भरती असली की शिवनदीचं पाणी जायला जागाच नसते. ते उलटं वळतं, नाल्यांतून, गटारांतून वस्तीत येतं. म्हणून वाशिष्ठी कितीही खोल केली तरी शिवनदीच्या काठचा आणि नाल्यांच्या तोंडाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. उपोषणानंतर जलसंपदाच्या यांत्रिकी विभागानं गाळ काढायला घेतला, ‘नाम फाउंडेशन’ही मदतीला आलं. त्या कामाचं मोल मोठं आहे. पण काढलेला गाळ कुठे टाकला, हा प्रश्न नदी किती खोल झाली याइतकाच महत्त्वाचा आहे. सखल जमिनीवर भराव पडला की तिथे थांबणारं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. एकाचा प्लॉट उंच झाला की दुसऱ्याचा उंबरठा बुडतो. यात नियम लागू करण्याचा अधिकार नगरपरिषदेच्या बांधकाम विभागालाही आहे.

इथे पूररेषेचा विषय येतो आणि चिपळुणात आवाज चढतो. १९८९च्या पाटबंधारे खात्याच्या परिपत्रकापासून राज्यात निळी आणि लाल अशा दोन रेषा आखल्या जातात. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये बांधकाम नको. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर, जोतं उंच घेऊन. नकाशावर या रेषा चिपळूणवर टाकल्या की बाजारपेठेसह शहराचा मोठा भाग त्यांच्या आत येतो. पिढ्यान् पिढ्या तिथे दुकान असलेल्या माणसाला एका सकाळी कळतं की आपलं घर नव्यानं बांधायला परवानगी मिळणार नाही, जागेची किंमत पडली, बँक कर्ज द्यायला मागेपुढे पाहते. त्याचा राग खरा आहे. हरकती घेणाऱ्यांना विकासविरोधी किंवा स्वार्थी ठरवणं अन्यायाचं आहे.

पण रेषा पुसल्यानं किंवा नदीकडे सरकवल्यानं पाण्याची पातळी खाली येत नाही. म्हणून भांडण रेषा हवी की नको यावर न राहता, रेषेच्या आत राहणाऱ्यांसाठी काय करायचं यावर यायला हवं. जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीत तळमजला मोकळा ठेवायचा का, त्या बदल्यात वर किती मजले द्यायचे, व्यापाऱ्यांना माल वर नेण्यासाठी सामाईक गोदाम उंच जागेवर मिळेल का, घरपट्टीत सवलत द्यायची का. हे प्रश्न जलसंपदाचे नाहीत, सभागृहाचे आहेत. दुकानदार, भाडेकरू, बिल्डर, मच्छीमार आणि नाल्याकाठचा झोपडीधारक यांच्यात तडजोड घडवणं हे निवडून आलेल्या माणसांचंच काम आहे.

याबाबतीत मला दिवंगत माधव गाडगीळ यांची फार आठवण येते. पश्चिम घाटावरच्या त्यांच्या समितीचा २०११चा अहवाल अनेकांना फक्त ‘इथे बंदी, तिथे बंदी’ म्हणून माहीत आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे समितीकडे खास सोपवले होते. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यानं दाभोळ खाडीचं काय केलं, हे त्यांनी प्रत्यक्ष जाऊन, मच्छीमारांशी बोलून लिहिलं. पण अहवालाचा गाभा बंदीचा नव्हताच. निर्णयाची सुरुवात ग्रामसभेपासून व्हावी, हा होता. त्यासाठी त्यांनी गोव्याचा दाखला दिला होता. गोव्याच्या ‘प्रादेशिक आराखडा २०२१’साठी गावोगावचे नकाशे लोकांपुढे ठेवून त्यांचं म्हणणं मागवलं गेलं होतं. पुढे त्या आराखड्याचं जे काही झालं ते झालं. रीत मात्र मोलाची होती.

ही रीत चिपळूणला पूर्ण लागू पडते. संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीनं प्रभाग समित्या तीन लाखांवरच्या शहरांनाच बंधनकारक केल्या. २०११च्या जनगणनेत पंचावन्न हजारांच्या घरात असलेल्या चिपळूणला ती सक्ती नाही. पण मनाईही नाही. पेठमापमध्ये पाणी आधी कुठल्या बोळातून येतं, मुरादपूरला किती वाजता घोट्यापर्यंत होतं, कुठला नाला गेल्या वीस वर्षांत अर्धा झाला, हे तिथल्या माणसांना सल्लागार कंपनीपेक्षा बारकाईनं ठाऊक आहे. प्रत्येक प्रभागाचा मोठा नकाशा शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर लावावा, २००५ आणि २०२१चं पाणी कुठवर आलं त्या खुणा लोकांकडूनच करून घ्याव्यात, नाल्याची रुंदी मोजून लिहावी, आणि तो नकाशा ठरावानं नगरपरिषदेच्या दप्तरात जावा. मुंबईच्या २६ जुलै २००५च्या पुरानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीनंही शहराच्या उंचसखलपणाचे बारीक नकाशे हवेत, यावर भर दिला होता. खर्चाच्या मानानं यातून जे हाती येईल ते फार मोठं आहे. शिवाय तो कागद पुढच्या बांधकाम परवानगीच्या वेळी समोर ठेवता येईल, न्यायालयातही ठेवता येईल.

१८६४मध्ये सुरू झालेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५लाही पाणी शिरलं आणि २०२१लाही. दोन्ही वेळा ते पुन्हा उभं राहिलं. चिपळूण पुन्हा उभं राहतं, यात मला कधीच शंका वाटली नाही. पण दर वेळी तेच सोसून उभं राहायची पाळी त्याच्यावर येऊ नये.

कायद्यानुसार नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा किमान दोन महिन्यांतून एकदा घ्यावी लागते. आजवरचा अनुभव असा की पूर विषयपत्रिकेवर येतो तो जून-जुलैत, आणि तोही बहुतेकदा ‘ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या ओळीत. नव्या सभागृहानं तो वर्षभर पहिल्या क्रमांकावर ठेवावा. नाल्यांची मापं, भरावाच्या तक्रारी, दिलेल्या परवानग्या आणि गाळ कुठे टाकला याचा हिशेब दर सभेत वाचला जावा. या सभा सर्वसामान्य नागरिकांना खुल्या असतात, पण मागच्या बाकांवर फारसं कुणी बसलेलं दिसत नाही. चिपळूणकरांनो, पुढच्या सभेची तारीख विचारा, विषयपत्रिकेची प्रत मागा आणि तिथे जाऊन बसा.