दुकानातील भाव आणि गिऱ्हाइकाचे मन

मृगाचा पाऊस पडला की नागपूर-हैदराबाद महामार्गावरील वडनेर येथील कृषी केंद्रांतून गर्दी होऊ लागते. हिंगणघाट तालुक्याच्या या भागात कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य पिके होत. त्यांचे बियाणे, खत व औषधे यांसाठी शेतकऱ्याची मोठी रक्कम थोड्या दिवसांत, आणि तीही घाईघाईने, हातावेगळी होते. अशा वेळी दुकानदार भाव कसा मांडतो आणि तो ऐकून गिऱ्हाइकाचे मन कसे चालते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मालाच्या खर्चावर नफा चढविला की किंमत ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. घेणारा तो आकडा कसा वाचील, याचाही विचार विकणाऱ्याने केलेला असतो. 799 आणि 800 यांत अंतर एका रुपयाचे. परंतु दृष्टी डावीकडून वाचीत जाते व पहिल्या अंकावरच मनाचा कौल बनतो. 799 रुपयांचा माल मनाला 'सातशेचा' वाटतो. अमेरिकेतील अँडरसन व सिमेस्टर या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच पोशाख 34, 39 व 44 डॉलर अशा तीन किमतींना विकून पाहिला. तो सर्वांत अधिक खपला 39 ला. स्वस्तातल्या 34 लाही त्याने मागे टाकले!

याहून प्रभावी युक्ती छापील किमतीची. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत ही केवळ वरची मर्यादा होय. त्याहून कमी भावाने विकण्यास कोणतीही आडकाठी नाही. बी.टी. कपाशीच्या बियाण्याची मर्यादा 2015 च्या आदेशान्वये केंद्र सरकार ठरविते. 2025 च्या खरिपात बोलगार्ड-2 च्या 475 ग्रॅमच्या पाकिटाला ती 901 रुपये होती. कीटकनाशकांना मात्र अशी सरकारी मर्यादा नसते. छापील आकडा कंपनीच ठरविते. बाटलीवर 1,200 छापलेले असते आणि दुकानदार म्हणतो, ''पाटील, तुमच्यासाठी साडेआठशे.'' साडेतीनशे वाचल्याचे समाधान घेऊन गिऱ्हाईक घरी जाते. शेजारच्या दुकानात तीच बाटली आठशेला असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. प्रथम ऐकलेल्या आकड्याला मन खुंटीसारखे बांधले जाते, हे टव्हर्स्की व काहनेमन यांनी 1974 मध्ये दाखवून दिले. खेडा खरेदीचा व्यापारी अंगणात येऊन कापसाचा पहिला भाव पाडून सांगतो, त्यामागेही हीच खुंटी असते.

यावर उपाय म्हणजे बाटलीचा भाव सोडून एकरी खर्च काढणे. समजा, 250 मिलिलिटरची बाटली 500 रुपयांस असून एकरी 50 मिलिलिटर लागते. म्हणजे पाच एकर होतात व एकरी खर्च 100 रुपये येतो. दुसरे औषध 300 रुपयांस मिळते, पण त्यात दोनच एकर होतात. तेव्हा ते एकरी 150 रुपयांस पडले. स्वस्त दिसणारे महाग निघाले. दोन नावांची औषधे पुष्कळदा एकाच घटकाची असतात. म्हणून वेष्टनावरील रासायनिक नाव व टक्केवारी आधी वाचावी आणि मात्रा लेबलावरीलच धरावी.

खरा घाव बसतो तो उधारीत. रोख 10,000 रुपयांचा माल जूनमध्ये उधार घेतला आणि कापूस विकल्यावर नोव्हेंबरात 11,500 द्यावयाचे ठरले, तर व्याज हा शब्द कोणी उच्चारीतही नाही. प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक बाटलीवर थोडे थोडे चढलेले असते, म्हणून ते टोचत नाही. शिवाय पैसे आज खिशातून जात नाहीत. पण पाच महिन्यांस 1,500 म्हणजे दरमहा शेकडा तीन, वर्षाचे शेकडा छत्तीस. याउलट डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली 3 लाख रुपयांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास शेतकऱ्यास शून्य टक्के व्याजाने पडते. जुने कर्ज थकलेल्याला ही वाट बंद असते आणि तोच दुकानदाराच्या वहीकडे वळतो, ही अडचण खरी आहे. तरीही गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशा घरी बसून रोखीचा व उधारीचा भाव शेजारी शेजारी मांडून दाखवावा. आकडा कागदावर उतरला की निदान पुढील हंगामाची तयारी वेळेवर सुरू होते.

युरियाच्या गोणीसोबत नको असलेले दुसरे उत्पादन गळ्यात घालणे हा मात्र मनाचा खेळ नव्हे. ती सक्ती आहे. तिची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करता येते.

शेवटी पावतीविषयी. ''बिल नको असेल तर पाकिटामागे पन्नास कमी,'' असे म्हटले की हाती येणारे पन्नास दिसतात, जाणारे दिसत नाही. बियाणे उगवले नाही, तर तालुका तक्रार निवारण समितीपुढे पक्के बिल व त्यावरील लॉट क्रमांक हाच मुख्य पुरावा असतो. म्हणून बिल, रिकामे पाकीट, त्यावरील टॅग व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत घरात जपून ठेवावे.