वहीतली नावे, लिलावातली नावे

"सर, तुमच्या वहीत आमच्या पोराचं काय लिवलंय?"

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उतरवता उतरवता एका बापाने मला हे विचारले, त्याला आता काही वर्षे झाली. मी 'घेतील' असे लिहिले होते आणि तसे सांगितलेही. ते सांगायला नको होते. का नको होते, हे कळायला मला बरीच वर्षे आणि बरीचशी आकडेमोड लागली. हा लेख त्या आकडेमोडीचा आहे.

वही म्हणजे साधी दोनशे पानी. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कबड्डी खेळणारी सतरा ते बावीस वयाची पोरे, नावापुढे उंची, वजन, चढाई की पकड, डावी बाजू की उजवी, आणि शेवटच्या रकान्यात माझा अंदाज: प्रो कबड्डीचा एखादा संघ याला घेईल की नाही. मी स्वतः खेळाडू नव्हतो. हायस्कूलात गणित शिकवत होतो. गावोगावच्या स्पर्धांत गुणलेखक म्हणून टेबलावर बसायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. ओतूर, मंचर, घोडेगाव, आळे, कुठे सामने असले की मी पेन घेऊन हजर.

पहिल्या वर्षी माझे जवळजवळ सगळे अंदाज बरोबर आले. मित्रांना अभिमानाने सांगितले. मग माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला आणि मी स्वतःच ओशाळलो. बहुतेक नावांपुढे मी 'नाही' लिहिले होते. ते बरोबर येणारच होते. मार्च महिन्यात रोज सकाळी उठून 'आज जुन्नरला पाऊस नाही' असे सांगणाऱ्यालाही असेच यश मिळते. प्रो कबड्डीत 12 संघ आहेत, एका संघात 18 ते 25 खेळाडू. सगळे संघ पुरेपूर भरले तरी देशभरात 300 जागा, आणि त्यांतल्या कित्येकांवर जुनी माणसे आधीच राखलेली असतात. दोन तालुक्यांतल्या कुठल्याही पोरासाठी 'नाही' हाच शहाणा अंदाज. पण शहाण्या अंदाजाचा उपयोग शून्य. खरी परीक्षा 'घेतील' लिहिलेल्या नावांची, आणि त्यांत मी सपशेल नापास होतो.

ही निवड कशी होते, ते आधी थोडक्यात. 2014 साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू होता राकेश कुमार, पाटणा संघाने 12 लाख 80 हजारांना घेतलेला. 2023 च्या लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. त्या लिलावात अ, ब, क, ड अशा चार गटांच्या मूळ किमती 30, 20, 13 आणि 9 लाख होत्या. टीव्हीवर दिसतो तो हा दरवाजा. दुसरा एक दरवाजा कॅमेऱ्यापुढे येत नाही: संघ काही नवोदितांना लिलावाबाहेर, स्वतः हेरून घेतात. पुणेरी पलटणला मार्च 2024 मध्ये पहिले विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला, या दुसऱ्या दरवाजाने आत आलेला. आमच्या भागातल्या पोरांची आशा खरी तर याच दारावर असते. तिथे बोली लागत नाही. कुणीतरी कुणाला तरी फोन करतो.

तो फोन कुणाबद्दल होईल, हे माझ्या वहीला सांगता यायला हवे होते. ते का येत नव्हते?

पहिले कारण अगदी शाळेतले आहे. टोमॅटोवाल्याचा पोरगा उजवा कोपरा खेळायचा. एका स्पर्धेच्या चार सामन्यांत त्याने 20 वेळा पकडीचा प्रयत्न केला, 14 यशस्वी. म्हणजे 70 टक्के! मी भारावून 'घेतील' लिहिले. आता नाणेफेक आठवा. नाणे 20 वेळा उडवले तर छाप 10 वेळा पडावी, पण नेमकी 10 वेळा क्वचितच पडते. शंभरातल्या साधारण पंचाण्णव वेळा ती 6 ते 14 यांच्या मध्ये कुठेतरी येते. म्हणजे ज्याची खरी ताकद निम्म्या पकडी यशस्वी करण्याची आहे, असा मध्यम पोरगाही एखाद्या चांगल्या आठवड्यात 14 दाखवू शकतो, आणि वाईट आठवड्यात 6. चढाई करणाऱ्याचे बरे असते, तो एका सामन्यात पंधरा-वीस वेळा पलीकडे जातो, त्याचा आकडा लवकर स्थिरावतो. कोपऱ्यावरच्या पोराला ताकद आकड्यांत सिद्ध करायला कितीतरी जास्त सामने हवेत. आणि आमच्याकडे मागच्या सामन्यांची गुणपत्रके राहतात कुठे? बक्षीस वाटप झाले की त्यांत वडापाव बांधला जातो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत ही अडचण नाही. तिथल्या व्यावसायिक संघांची निवड 1963 पासून पाळीपाळीने होते, सर्वसाधारणपणे अठरा वर्षांच्या मुलांमधून, आणि 1975 पासून एक मध्यवर्ती कचेरी निवडीआधी मुलांची क्रमवारी लावते. मुलगा सोळा वर्षांचा असल्यापासूनचा प्रत्येक गोल, प्रत्येक सामना नोंदलेला. तरीही काय होते पाहा. 1999 साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेला पॅट्रिक स्टेफान. त्याच दिवशी डेट्रॉइटने 210 व्या क्रमांकावर हेन्रिक झेटरबर्ग नावाचा स्वीडिश पोरगा घेतला. 2008 मध्ये डेट्रॉइटने स्टॅन्ले चषक जिंकला तेव्हा बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान झेटरबर्गला मिळाला. स्टेफानची कारकीर्द तोवर आटोपली होती. इतकी नोंद असून ही गत, तर माझ्या दोनशे पानी वहीची काय कथा.

कॅनडाच्याच हॉकीतले एक संशोधन वाचून मी जरा वाहवलो होतो. रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये दाखवले की तिथल्या चांगल्या युवा संघांत जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुले फार जास्त असतात. कारण वयोगटाची तारीख 1 जानेवारी. जानेवारीचा पोरगा डिसेंबरच्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून अंगाने भरलेला; तो निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि फरक वाढत जातो. म्हटले, हे आपल्याकडे तपासू. शाळेची जुनी जनरल रजिस्टरे काढली. त्यात अर्ध्या वर्गाचा वाढदिवस 1 जून! हेडमास्तरांनी दाखल करताना घातलेली तारीख. माझीही तीच आहे. संशोधन तिथेच संपले. आताच्या पोरांना दवाखान्याचा जन्मदाखला असतो, पण आता माझी यादी इतकी छोटी की त्यातून काही सिद्ध होणार नाही.

मात्र बार्न्सलीचा मुद्दा आमच्याकडे वेगळ्या वेषात येतो, वजनाच्या. मी वही सुरू केली तेव्हा कुमार गटाची मर्यादा 20 वर्षे आणि 70 किलो होती. प्रो कबड्डीत 85 किलो चालते. म्हणजे हेरायला आलेला माणूस 70 किलोचा पोरगा पाहतो आणि त्याला 80 किलोला तो कसा खेळेल याचा अंदाज करायचा असतो. टोमॅटोवाल्याचा पोरगा उंच, हाडापेराचा मोठा. वजन देण्याआधी दोन-दोन दिवस जेवायचा नाही, पाणी तोडायचा, आणि काट्यावर सत्तरच्या आत कसाबसा बसायचा. मग सामन्यात आपल्यापेक्षा लहान पोरांना कोपऱ्यात दाबायचा. त्याच्या 14 पकडींत हा वाटा किती होता, ते मी तेव्हा विचारलेच नाही. खुल्या गटात त्याच्यापेक्षा थोराड माणसे समोर आली तेव्हा त्याचे घोट्याला पडणारे हात सुटू लागले. त्याच संघात डाव्या बाजूने चढाई करणारा एक सडपातळ पोरगा होता, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा, आश्रमशाळेत शिकलेला. वजन जेमतेम 62. त्याच्यापुढे मी 'नाही' लिहिले होते.

या दोघांना कोण, किती वेळा पाहते, हा आणखी एक प्रश्न. ज्याच्या गावात मॅट आहे, ज्याचा मामा संघटनेत आहे, जो जिल्ह्याच्या निवड चाचणीला वेळेवर पोचतो, तो दिसतो. आमच्याकडे तर सरावाची वेळही बिबट्या ठरवतो. उसाच्या पट्ट्यात अंधार पडला की आया पोरांना मैदानावर ठेवत नाहीत, आणि त्यांचे चूक नाही. दिवसा शेत आणि कॉलेज, संध्याकाळी बिबट्या. मग सराव कधी? 2022 पासून तेविशीच्या आतल्यांसाठी युवा कबड्डी मालिका सुरू झाली, तिचे सामने चित्रित होतात, हे मला लिलावाच्या कोट्यवधींपेक्षा मोठे वाटते. दिसण्याचा रस्ता थोडा रुंद झाला.

पण माझी मूळ चूक मला दाखवून दिली ती कबड्डीतल्या कुणी नाही, एका बैलगाडा मालकाने. आमच्याकडे घाटात गाडा पळतो: चार बैल, पुढे घोडी, आणि सेकंदांवर निकाल. सर्वोच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 2021 ला शर्यतींना परवानगी दिली, त्यानंतर खिलार खोंडांचे भाव पुन्हा चढले. हा मालक खोंड पाहायला निघाला होता, मी सोबत गेलो. एका दावणीला एक देखणे खोंड होते. खूर घट्ट, कातडी पातळ, पाय सरळ. मी म्हटले, घ्या की हे. तो म्हणाला, "सर, चांगलंय. पण मला उजव्या खांद्याचा पायजे. डावा माझ्याकडं हाय." आणि पुढच्या गावी जाऊन दिसायला डावे, पण उजव्या बाजूला चालणारे खोंड घेऊन आला.

परतताना गाडीत मला माझी वही आठवली. मी इतकी वर्षे 'हा पोरगा किती चांगला आहे' हे मोजत होतो, आणि अंदाज मात्र 'कुणी घेईल का' याचा बांधत होतो. हे दोन निराळे प्रश्न. दुसऱ्याचे उत्तर पोराच्या अंगात अर्धेच असते. उरलेले अर्धे घेणाऱ्याच्या दावणीत असते. कुणाचा उजवा कोपरा जायबंदी झाला, कुणी दोन कोपरे राखून ठेवले, कुणाच्या थैलीत शेवटी किती पैसे उरले. टोमॅटोवाल्याच्या पोराचा अंदाज बांधायचा तर बारा संघांचे उजवे कोपरे मोजायला हवे होते, आणि मी मोजत होतो मंचरच्या मैदानावरच्या पकडी.

बरे, घेणारे तरी नेमके ओळखतात का? 2018 च्या लिलावात मोनू गोयतला दीड कोटीच्या वर किंमत मिळाली, आणि कोल्हापूरच्या चंदगड भागातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना नेला. त्या हंगामात बोलबाला झाला देसाईचा. पुढच्या लिलावात तो 1 कोटी 45 लाखांवर गेला. पवन सेहरावतला गुजरातने एक हंगाम ठेवून सोडून दिले होते. 5 जानेवारी 2019 च्या अंतिम सामन्यात, बंगळूरुकडून खेळताना, त्याने त्याच गुजरातविरुद्ध एकट्याने 22 गुण घेतले आणि चषक नेला. ज्यांच्या हाती चित्रफिती, प्रशिक्षक आणि पैसा होता, त्यांनी त्याला वर्षभर रोज सरावात पाहिले होते.

तो बाप माझ्या शब्दावर विसंबला. पोराला कॉलेजातून काढून दूरच्या एका खासगी अकादमीत घातले, त्यासाठी दोन गाई विकल्या. दोन वर्षांनी पोरगा परत आला. कुठल्याही संघाने बोलावले नव्हते. वाईट याचे वाटते की त्या दोन वर्षांत तो राज्य पातळीच्या स्पर्धांना मुकला. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी लागते प्रमाणपत्र. लिलावाचे स्वप्न नव्हे. मी हे त्याला तेव्हा सांगू शकलो असतो. मला ते माहीतही होते. पण वहीत तो रकाना नव्हता. आता तो पिकअप चालवतो, आणि यात्रेतल्या सामन्यांत गावाकडून उजवा कोपरा खेळतो, अजूनही छान खेळतो. डिंभ्याच्या वरचा तो सडपातळ पोरगा तिशीच्या आत नोकरीला लागला, संघाकडून खेळतो. त्याला एकदा एका व्यावसायिक संघाच्या सराव शिबिराचे बोलावणेही आले होते. माझ्या वहीत त्याच्यापुढे अजून 'नाही' आहे. खोडायचे नाही असा माझा नियम.

मागच्या महिन्यात तोच बाप पुन्हा भेटला. धाकटा आता सतरा वर्षांचा आहे, चढाई करतो. "ह्याचं काय लिवलंय?" मी वही काढून त्याच्या हातात दिली. 9 सामने, 131 चढाया, 58 यशस्वी, उंची पाच फूट नऊ, वजन 66, न तोडता. शेवटच्या रकान्याच्या जागी मी आता तीन रकाने आखले आहेत: किती सामने नोंदले, खुल्या गटात किती, प्रमाणपत्रे कोणती. पहिल्यात 9 होते, दुसऱ्यात 2, तिसरा कोरा.

त्याने पान दोनदा वाचले. मग विचारले, "म्हंजी व्हय का न्हाय?"

मी म्हटले, जिल्ह्याची निवड चाचणी कधी आहे ते आधी बघू. त्याने क्रेट खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला.