दयेला विवेकाची जोड

दिवाळीत पेढीवर आणि घरी भेटीदाखल येणाऱ्या डब्यांत आता सुक्या मेव्याबरोबर चॉकलेटही असते. मुले दयाबुद्धीनेच त्यातला एखादा तुकडा दारातील कुत्र्यापुढे टाकतात. तोच घास त्या मुक्या जीवाच्या प्राणावर बेतू शकतो.

कोकोच्या बियांत थिओब्रोमिन व कॅफिन ही द्रव्ये असतात. माणसाचे शरीर त्यांचा निचरा लवकर करते. कुत्र्याच्या शरीरातील थिओब्रोमिन निम्मे होण्यासच सुमारे १७ तास लागतात. चॉकलेट जितके काळे आणि कडू, तितका धोका अधिक. १० किलो वजनाच्या कुत्र्याला ५० ग्रॅम डार्क चॉकलेटही बाधू शकते. उलट्या, अस्वस्थता, हृदयाची धडधड, अंगाची थरथर आणि विषबाधा तीव्र असल्यास झटके, ही त्याची लक्षणे. या विषावर नेमका उतारा नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना गाठावे. कोणते चॉकलेट, किती आणि केव्हा खाल्ले, ते सांगावे. घरी मिठाचे पाणी पाजू नये.

प्रमादातून घडलेली हिंसाही हिंसाच, ही आपली शिकवण आहे. तेव्हा डबा उंच फळीवर ठेवावा आणि दारच्या जीवाला साधी भाकरीच घालावी.