अण्णा नाईक आणि दुधातलं विष

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका रत्नागिरीत पाहिली गेली ती थोडी परकी, थोडी घरची म्हणून. फेब्रुवारी २०१६मध्ये ती सुरू झाली. वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीतला, बोली मालवणी. आमच्याकडची संगमेश्वरी वेगळी, त्यामुळे 'हय-थय' ऐकून कुणाला मौज वाटली, कुणी नाक मुरडलं. सिंधुदुर्गात तर ही मालिका अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते, म्हणून विरोध झाला. तो राग मला कळतो, पण पटत नाही. भुताखेतांच्या गोष्टी आपल्याकडे पडवीत बसूनच सांगितल्या गेल्या आहेत. त्या मालिकेत खरं झोंबणारं काही असेल तर ती वाटणीची भांडणं. बाप गेला, तेराव्याच्या आत मुंबईकर भाऊ आले, आणि सातबाऱ्यावरून घर फाटायला लागलं. यात भुताची गरजच नव्हती. शेवटी गुन्हा माणसाचाच निघाला, तेव्हा निम्मे प्रेक्षक भूत मिळालं नाही म्हणून रुसले.

पहिल्या पर्वात हा बाप, अण्णा नाईक, सुरुवातीलाच मरतो. जानेवारी २०१९ला दुसरं पर्व आलं ते काळात मागे गेलं आणि माधव अभ्यंकरांचा अण्णा जिवंत उभा राहिला. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी मालिकांत इतका भरीव खलपुरुष मी पाहिलेला नाही. कंजूष, बाईलवेडा, तोंडाचा घाण, वेळ पडली तर जीव घेणारा. आणि तरीही गावचा प्रतिष्ठित! असा माणूस प्रत्येक वाडीत एखादा असतो. त्याच्या बागेतून वाट जाते म्हणून सगळे त्याला नमस्कार करतात आणि पाठ वळली की शिव्या घालतात. त्याची बायको असलेल्या शकुंतला नरे यांच्या माईंचं सोसणं, त्याच्या नादी लागलेल्या अपूर्वा नेमळेकरच्या शेवंताची हाव आणि तिची फरफट, हे सगळं त्या एका माणसाभोवती फिरत राहिलं. शेवंता कपटी होती, पण तिला काय हवंय ते मला प्रत्येक वेळी कळत होतं. शिवाय मालिका लिहिणाऱ्या प्रल्हाद कुडतरकरांनीच रंगवलेला पांडू होता, ऐन भयाच्या वेळी 'इसरलंय' म्हणणारा. भीती आणि हसू एकाच अंगणात नांदणं आम्हाला नवं नाही. शिमग्यातल्या नमनात काळ्या झग्यातला, उंच टोपीचा संकासूर येतो तो असुरच, पण पोरं त्याच्याच मागे धावतात.

अण्णाची हिंसा मला सोसवली, कारण तिचा हिशेब राहत होता. त्यानं मारलेली माणसं त्याला झोपू देत नव्हती, आणि त्याच्यामागून घरही तो हिशेब फेडत राहिलं. उलट ज्या मालिका 'कौटुंबिक' म्हणून पोराबाळांसह पाहिल्या जातात, त्यांत काय चालतं बघा. दुधात विष, जिन्यावर तेल, गाडीचे ब्रेक निकामी. थप्पड बसते एकदा, ऐकू येते तीनदा. मग घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा जातो, स्वयंपाकीणसुद्धा सुटत नाही. आणि पुढच्या आठवड्यात विष घालणारी आणि विष प्यायलेली दोघी मंगळागौरीला एकत्र फुगडी घालतात. पोलिसात कुणी जात नाही. घरातला खुनाचा प्रयत्न इतका किरकोळ झालेला मला भुतापेक्षा भयंकर वाटतो.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. दूरदर्शनच्या 'एक शून्य शून्य'मध्ये गुन्हा घडला की मागोमाग पोलीस यायचे आणि तपास हीच गोष्ट असायची. १९९७च्या 'दामिनी'त प्रतीक्षा लोणकरची पत्रकार बाहेरच्या जगातल्या वाईटाशी भांडत होती. २००१ला 'चार दिवस सासूचे' आली आणि वाईटानं उंबरठा ओलांडला. रोहिणी हट्टंगडींची आशालता निदान भारदस्त होती. तिच्या सत्तेला अर्थ होता. पुढच्या नकलांनी भुवई तेवढी उचलली, सत्ता विसरल्या. मधे २००७च्या सुमाराला 'असंभव'मधल्या नीलम शिर्केच्या सुलेखानं पुन्हा खरी धास्ती दिली होती, एवढं मान्य.

'देवमाणूस'बद्दल मात्र माझं मन अजून स्वस्थ नाही. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस, अण्णा ज्या साडेदहाच्या वेळेला यायचा, त्याच वेळेला ती सुरू झाली. मूळ सगळ्यांना ठाऊक होतं: वाईजवळच्या धोमचा तोतया डॉक्टर, २०१६ला उघडकीस आलेले सहा खून. किरण गायकवाडनं काम चोख केलं, इतकं चोख की आमच्या ओळखीतल्या बायका 'पण दिसतो गोड' म्हणू लागल्या. त्यातल्या सरू आजीच्या म्हणींवर हसावं, तोच पुढच्या प्रसंगात इंजेक्शन. नमनातलं हसू नि भय याहून निराळं. तिथला असुर कुणाच्या घरातली बाई खरोखर पुरून आलेला नसतो. ज्यांची माणसं धोमला गेली त्यांच्याही घरी टीव्ही असणार. पुन्हा पर्वामागून पर्व, म्हणजे खुनी हाच वाहिनीचा माल झाला.

विनोदी कार्यक्रमांकडे खलपणा शोधणाऱ्या नजरेनं कुणी बघत नाही, पण बघावं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त खलनायक नव्हता आणि कुणाला त्याची उणीव भासली नाही. २०१४पासून 'चला हवा येऊ द्या'नं महाराष्ट्राला पोट धरून हसवलं, मलाही. तरी एखाद्याच्या रंगावर, जाडीवर, टकलावर सलग वार चालले की मी रिमोट शोधते. 'हास्यजत्रा'तही ते होतंच. पण समीर चौघुलेंचा लोचन मजनू आला की हसू त्याच्या ऐटीचं येतं, व्यंगाचं नाही. आमच्या जिल्ह्यातला, चिपळूणचा ओंकार भोजने बावळट रंगवतो तेव्हा तो बावळट शेवटी समोरच्या शहाण्याचीच जिरवतो.

आणि गंमत बघा, 'चार दिवस सासूचे'मध्ये वर्षानुवर्षं निमूट सोसणारी सून रंगवलेल्या कविता लाड-मेढेकर २०२३ला 'तुला शिकवीन चांगलाच धडा'मध्ये भुवनेश्वरी होऊन आल्या. करारी, कावेबाज. आमच्या आळीत सगळ्यांनी तिला मनापासून शिव्या घातल्या. शेजारच्या काकू तेवढ्या गप्प. म्हणाल्या, 'तिनं काय कमी सोसलंय? घेऊ दे की आता जरा सूड!'