पडदा ओलांडून आलेली माणसं

न्यू जर्सीतलं ‘ज्युएल’ नावाचं लहानसं थिएटर. १९३०च्या दशकातल्या महामंदीचे दिवस. सिसिलिया ही वेट्रेस एकच चित्रपट पाचव्यांदा पाहत बसली आहे. नवरा बेकार, जुगारी आणि वर हात उगारणारा. त्यात तिची नोकरीही नुकतीच गेलेली. पडद्यावरचा टॉम बॅक्स्टर हा तरणाबांड साहसवीर संवाद म्हणता म्हणता थबकतो, तिच्याकडे पाहतो, हा चित्रपट तुम्हाला फारच आवडलेला दिसतो असं म्हणतो आणि सरळ खाली उतरतो. पडद्यावर कृष्णधवल असलेला टॉम थिएटरात पाऊल टाकताच रंगीत होतो. वूडी ॲलनच्या ‘द पर्पल रोझ ऑफ कैरो’ (१९८५) या चित्रपटाची खरी गोष्ट इथून सुरू होते.

पडद्यावरची आणि पडद्यासमोरची माणसं एकमेकांच्या जगात घुसण्याची कल्पना सिनेमाइतकीच जुनी आहे. १९०२ साली एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टरने ‘अंकल जॉश ॲट द मूव्हिंग पिक्चर शो’ हा छोटा चित्रपट केला. त्यातला गावाकडचा जॉश पडद्यावरच्या नर्तिकेबरोबर नाचू लागतो, आगगाडी येताना दिसली की पळतो आणि शेवटी पडदाच ओढून पाडतो. हसू अर्थातच त्या अडाणी प्रेक्षकाचं. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम दिसला की लोक पायातल्या चपला काढत, असं सांगतात. त्या माणसांना जॉशच्या पंगतीला बसवणं मला मान्य नाही. देवळातली मूर्ती दगडाची आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याला पडदा कापडाचा आहे हेही ठाऊक असतं. हात जोडायचे, हे त्याने स्वतः ठरवलेलं असतं.

हे प्रेक्षकाचं ठरवणंच मला या चित्रपटांत सर्वांत मोलाचं वाटतं. बाहेर येतं ते पात्र, पण कसोटी लागते ती समोर बसलेल्या माणसाची.

टॉमला आपल्या जगातलं काहीच जमत नाही. हॉटेलात बिल द्यायला तो खिशातून नोटा काढतो, त्या चित्रीकरणातल्या खोट्या नोटा. मोटारीत बसतो आणि ती चालत का नाही म्हणून बुचकळ्यात पडतो, कारण किल्ली लागते हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मारामारी होते तेव्हा त्याला ना रक्त येतं, ना भांग विस्कटतो. सिसिलियाचं चुंबन घेतल्यावर दृश्य काळोखात विरून का जात नाही, असा त्याला प्रश्न पडतो. पटकथेत जेवढं लिहिलं तेवढंच त्याला ठाऊक. पण प्रामाणिकपणा आणि निष्ठाही पटकथेतच लिहिलेली असल्यामुळे तो तिला फसवूच शकत नाही.

इकडे पडद्यावर मागे राहिलेल्या मंडळींची कथा अडून बसते. ती कंटाळतात, भांडतात, प्रेक्षकांशी हुज्जत घालतात. त्यातलं एक पात्र प्रोजेक्टर बंद करू नका म्हणून विनवतं. तो बंद झाला की काळोख होतो आणि आपण नाहीसे होतो, ही त्याची भीती. पुढे नाइट क्लबमधल्या मुख्य वेटरला कळतं की आता कथानकच उरलेलं नाही. मग तो वाद्यवृंदाला इशारा करतो आणि आजवर मनात दाबून ठेवलेलं टॅप नृत्य मनसोक्त नाचतो. दोन क्षणांचं हे दुय्यम पात्र, पण मला ते नायकाहून प्यारं आहे.

स्टुडिओचे लोक हादरतात. टॉमची भूमिका करणारा नट गिल शेफर्ड आपली कारकीर्द वाचवायला गावात येतो. दोन्ही भूमिका जेफ डॅनिएल्सनेच केल्या आहेत आणि त्याच्या नुसत्या चालण्यावरून कोण कोण ते ओळखू येतं. अखेर सिसिलियाला दोघांतला एक निवडावा लागतो. ती खऱ्या माणसाला निवडते. टॉम पडद्यावर परततो आणि काम झालेला गिल तिला न सांगता हॉलिवूडला निघून जातो. हा चित्रपट या शेवटासाठीच केला, असं ॲलनने सांगितलं आहे. मला तो शेवट क्रूर वाटतो, पण बरोबरही वाटतो. तिने टॉमला निवडलं असतं, तर ती स्वतःच एक पात्र होऊन बसली असती.

‘लास्ट ॲक्शन हीरो’ (१९९३) ‘जुरासिक पार्क’नंतर आठवड्याभरातच लागला आणि त्याच्या लाटेत बुडाला. त्यातलं एक दृश्य मात्र विसरता येत नाही. पडद्यातून आपल्या जगात आलेला खलनायक बेनेडिक्ट रस्त्यावर एकाला गोळी घालतो आणि पोलीस येतात का, याची वाट पाहतो. कुणीच येत नाही. आपण खून केला आहे असं तो ओरडून सांगतो, तेव्हा त्यालाच गप्प बसायला सांगितलं जातं. या जगात खलनायक जिंकू शकतो, हे त्याला तिथे उमगतं. विनोदी म्हणून विकल्या गेलेल्या चित्रपटात इतकं गंभीर निरीक्षण सापडेल, अशी अपेक्षा नसते.

जपानी ‘रिंग’मध्ये (१९९८) तर थिएटरचीही गरज उरत नाही. घरातल्या टीव्हीच्या काचेतून सादाको सरपटत बाहेर येते. कोजी सुझुकीच्या मूळ कादंबरीत हे नाही. ते दिग्दर्शक हिदेओ नाकाताच्या चित्रपटाचं. अभिनेत्रीला उलटं चालायला लावून ते चित्रण पुन्हा उलट फिरवलं, त्यामुळे तिच्या हालचालीत माणसाचं वळणच राहत नाही. शापित टेप पाहणारा सात दिवसांत मरतो. वाचायचं तर टेपची नक्कल करून ती दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची. नायिका रेइकोच्या लहान मुलाने ती टेप पाहिलेली असते. चित्रपटाच्या शेवटी ती व्हिडिओ प्लेअर गाडीत घालून निघते, ती टेप स्वतःच्या वडिलांना दाखवायला.